हाताला परत काय येते? इंदिरानगरच्या गच्चीवरून जॉयस्टिकचा इतिहास #धागा

१/
नाशिकच्या इंदिरानगरात सकाळी गच्चीवर उभे राहिलात, तर गांधीनगरच्या तळावरून उठलेले सैन्यदलाचे हेलिकॉप्टर घरघरत जाताना दिसते. उत्तरेकडे ओझरला लढाऊ विमाने बांधली जातात. आणि खाली, त्याच इमारतीतल्या एखाद्या खोलीत, कोणी शाळकरी मुलगा गेमचा कंट्रोलर हातात धरून बसलेला असतो. या तिघांच्या मुठीत एकच वस्तू आहे: जॉयस्टिक. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
मित्रहो, इतिहासाकडे वळण्याआधी बैलगाडीचा कासरा आठवून पाहा. गाडीवान कासरा ओढतो, तेव्हा बैलाला आज्ञा मिळते. पण बैल बिचकला, थकला, अडला, तर तेही त्याच कासऱ्यातून गाडीवानाच्या मुठीला कळते. दोरी एक, निरोप दोन्ही दिशांचे. जॉयस्टिकचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास हा या परतीच्या निरोपाचा इतिहास आहे. तो कसा तुटला, तो तुटल्यावर काय घडले आणि तो पुन्हा जोडण्यासाठी माणसाने काय केले, ते पाहू.

३/
आधी रचना. जॉयस्टिक म्हणजे तळाशी खिळलेला, पण चारही दिशांना कलणारा दांडा. विमानात तो पुढे ढकलला की शेपटीवरची आडवी पट्टी हलून नाक खाली जाते, मागे ओढला की नाक वर येते. डावीकडे वा उजवीकडे कलवला की पंखांच्या टोकांकडील पट्ट्या परस्परविरुद्ध दिशांना हलतात आणि विमान त्या कुशीवर झुकते. एका हाताने दोन अक्षांवर ताबा, हे तिचे सार. नाक डावी-उजवीकडे वळवण्याचे काम मात्र पायांकडे असते.

४/
आज हे स्वाभाविक वाटते, प्रारंभी तसे नव्हते. १७ डिसेंबर १९०३ रोजी राईट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा चालक पालथा झोपलेला होता. नाक वर-खाली करण्यासाठी हाताशी एक तरफ होती, आणि पंखांना पीळ देण्यासाठी कमरेखाली एक सरकता पाळणा. चालक कंबर डावी-उजवीकडे सरकवी आणि तारा पंख पिळत. विमान अक्षरशः अंगाने चालवावे लागे.

५/
ही सारी कामे एका दांड्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रेंच अभियंता रॉबेर एस्नो-पेल्तरी यांना दिले जाते. त्यांच्या १९०७ च्या विमानात असा एकच नियंत्रण-दांडा होता आणि त्याचे स्वामित्वहक्क त्यांनी घेतले होते. पहिल्या महायुद्धात हजारो विमानांत हीच रचना वापरली गेली. युद्ध संपल्यावर त्यांनी विमान-उत्पादकांविरुद्ध न्यायालयीन लढे दिले आणि ते जिंकून स्वामित्वशुल्क मिळवले.

६/
या माणसाचे पुढचे आयुष्यही विलक्षण. ते अवकाशप्रवासाच्या गणिताकडे वळले आणि त्या शास्त्राच्या आरंभीच्या प्रवर्तकांत गणले गेले. १९३१ मध्ये रॉकेटच्या इंधनाचा प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्यांच्या डाव्या हाताची काही बोटे गेली. वैमानिकाच्या मुठीला तिचा दांडा देणाऱ्या माणसाने प्रयोगापायी स्वतःची बोटे गमावली.

७/
त्याच काळात लुई ब्लेरियो यांच्या विमानातही दांडा होता. त्याच्या बुडाशी घंटेच्या आकाराचा धातूचा घुमट असे आणि घुमटाच्या कडेला तारा बांधलेल्या असत. म्हणून फ्रेंच लोक त्याला 'क्लोश', म्हणजे घंटा, म्हणत. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरियो यांनी इंग्लिश खाडी ओलांडली, ती हीच घंटा हाती धरून. मग 'जॉयस्टिक' हे नाव? त्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक रॉबर्ट लोरेन या इंग्रज नट-वैमानिकाच्या त्याच सुमाराच्या दैनंदिनीत सापडते.

८/
या पहिल्या पिढीचे मर्म लक्षात घ्या. दांड्यापासून पट्टीपर्यंत केवळ तारा आणि कप्प्या. वारा पट्टीवर आदळला की तार ताणली जाई आणि तो ताण मुठीत उतरे. वेग वाढला की दांडा जड होई. वेग फार घटला की तो सैल, निर्जीव लागे, आणि विमान आता कोसळू शकते हे वैमानिकाला काट्याकडे न पाहताही उमगे. हा आपला कासराच.

९/
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले, ते पस मॉथ या लहानशा विमानातून. भारतीय हवाई टपालसेवेच्या त्या पहिल्या दिवशी वैमानिकाचा हात आणि हवा यांच्यामध्ये तारांखेरीज काही नव्हते.

१०/
परंतु दोरी तोडण्याचे प्रयोग तोवर सुरू झाले होते. १९२० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने वैमानिकाविना विमान उडवण्यासाठी विजेवर चालणारी जॉयस्टिक घडवली. दांडा जमिनीवर, विमान आकाशात आणि मध्ये फक्त रेडिओच्या लहरी. आज्ञा जात होती. परत काही येत नव्हते.

११/
या कल्पनेला भीषण रूप दिले दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीने. 'हेन्शेल २९३' हा पंख असलेला, रेडिओने वळवता येणारा बॉम्ब होता. विमानातून तो सोडला की त्याच्या शेपटीवर एक तेजस्वी ज्योत पेटे. विमानातील सैनिक त्या ज्योतीवर नजर ठेवून हातातल्या लहानशा जॉयस्टिकने बॉम्बला लक्ष्याकडे वळवत नेई, स्वतः मैलोगणती दूर राहून.

१२/
२६ नोव्हेंबर १९४३. 'रोहना' हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे जहाज अमेरिकी सैनिकांना घेऊन भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे भारताकडे निघाले होते. अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ असा एक बॉम्ब त्याच्यावर येऊन आदळला. १,०१५ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांच्यासोबत जहाजाचे शंभराहून अधिक कर्मचारीही गेले, आणि त्यांत हिंदी खलाश्यांची संख्या मोठी होती.

१३/
या घटनेचा तपशील दीर्घकाळ गोपनीय राहिला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट पाहा. ज्या हाताने तो दांडा हलवला, त्या हाताला ना हवेचा दाब जाणवला, ना आघाताचा धक्का. ज्योत दिसली आणि विझली, एवढेच. तेथे कासरा एकमार्गी झाला होता. गेमच्या पडद्यासमोर हातात जॉयस्टिक धरून बसणाऱ्या आपल्या पिढीने ही तारीख ठाऊक करून घ्यावी, असे मला वाटते.

१४/
आता नाशिककडे येऊ. चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ओझर येथे विमाननिर्मितीचा प्रकल्प उभा राहू लागला. सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ बांधायचे ठरले. सांगाडा आणि जुळणी नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. पुढील काही दशकांत भारतात सहाशेहून अधिक मिग-२१ तयार झाले.

१५/
ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या या विमानाने जॉयस्टिकपुढे एक नवाच पेच टाकला. त्या वेगात शेपटीवर पडणारा हवेचा भार कोणत्याही मनुष्याच्या दंडाला पेलणारा नसतो. म्हणून मिग-२१ मध्ये दांडा शेपटीला थेट हलवत नाही. लांब सळयांच्या साखळीतून तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राची झडप उघडतो आणि शेपूट वळवण्याचे बळ ते यंत्र पुरवते. हाताचे काम उरते ते केवळ इशारा देण्याचे.

१६/
बळाचा प्रश्न सुटला, पण परतीचा रस्ता बंद झाला. शेपटीवरचा हवेचा दाब त्या यंत्रापाशीच अडतो, मुठीपर्यंत पोहोचत नाही. आता कल्पना करा: प्रचंड वेग, आणि हातात पिसासारखा हलका दांडा. जरासा जास्त ओढला, तर विमान मोडेल इतका ताण पडेल, आणि हाताला त्याची चाहूलही लागणार नाही.

१७/
यावरचा उपाय मोठा विस्मयकारक आहे. अभियंत्यांनी दांड्याला स्प्रिंगा जोडल्या, म्हणजे खोटा भार निर्माण केला. त्याच्या जोडीला 'ए. आर. यू.' नावाचे एक स्वयंचलित साधन बसवले. ते वेग आणि उंची मोजते. खाली, दाट हवेत, वेगाने जाताना ते दांड्याच्या तेवढ्याच हालचालीला शेपूट कमी हलवते आणि दांडा जड करते. वेग कमी असताना वा विरळ हवेत उंचावर ते उलट करते. आधी यंत्राने भार काढून घेतला आणि मग दुसऱ्या यंत्राने तो मोजूनमापून परत दिला.

१८/
म्हणजे ओझरमध्ये बांधलेल्या त्या विमानांत वैमानिकाच्या मुठीला जो 'वारा' लागत होता, तो कारखान्यात घडवलेला होता. तो खोटा होता, पण खोटे बोलत नव्हता, कारण खऱ्या वेगाशी तो इमान राखून होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ने वायुसेनेचा निरोप घेतला, तेव्हा भारतीय वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांना शिकवणारा तो दांडाही निवृत्त झाला.

१९/
पुढची पायरी 'फ्लाय-बाय-वायर'. नावात वायर असली तरी ही ओढायची तार नव्हे, विजेची. दांडा फक्त मोजमाप पाठवतो, संगणक त्याचा अर्थ लावतो आणि पट्ट्या हलवतो. १९७२ मध्ये अमेरिकेच्या नासाने एफ-८ विमानावर अंकीय संगणकाच्या साह्याने हे करून दाखवले. अमेरिकेच्याच एफ-१६ विमानात तर प्रारंभी जॉयस्टिक हलतच नसे. ती मुठीचा जोर तेवढा मोजी.

२०/
हिशेबाने ती निर्दोष होती. दांडा हलण्याची गरजच काय, जोर कळला म्हणजे झाले! पण वैमानिकांच्या हाताला ते मानवेना. आपण किती मागितले आहे, हे कळण्यासाठी हाताला हालचाल लागते. शेवटी त्या दांड्याला अगदी अल्पशी हालचाल देण्यात आली. यंत्राला तिची आवश्यकता नव्हती, माणसाला होती.

२१/
हा वारसा ओझरच्या आजच्या कामातही आहे. नाशिकमध्ये बांधलेली सुखोई-३० एमकेआय विमाने २००४ पासून वायुसेनेला मिळू लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेले पहिले तेजस एमके-१ए ओझरहून उडाले. दोन्ही फ्लाय-बाय-वायर. तेजसची घडण हेतुपुरस्सर अस्थिर ठेवली आहे, कारण अस्थिर विमान चपळाईने वळते. संगणक सेकंदाला अनेक वेळा पट्ट्या सावरत राहतो, म्हणूनच ते उडू शकते. वैमानिक फक्त आपला मानस सांगतो.

२२/
विमानातून ही वस्तू खेळण्यात कशी आली? १९७७ मध्ये अटारी कंपनीचा घरगुती संच बाजारात आला, त्यासोबत एक बटण असलेला काळा दांडा होता. आत फक्त चार विद्युत-खटके. दांडा ज्या दिशेला कलेल त्या बाजूचा खटका दाबला जाई. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी गोळ्याचे दांडे खटखटवले आहेत, त्यांनी हीच रचना हाताळली आहे. तिला 'किती' हे कळत नाही, 'कुठे' एवढेच कळते.

२३/
'किती' कळण्यासाठी दांड्याखाली पोटेन्शिओमीटर आले. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारी कळ असते ना, तेच तत्त्व. एक पाते कार्बनच्या पट्टीवर घसरते आणि विजेचा रोध बदलतो. वापराने ती पट्टी झिजते, आणि मग हात न लावताही गेममधले पात्र आपोआप चालू लागते. म्हणून नव्या कंट्रोलरमध्ये चुंबक वापरतात. चुंबकक्षेत्राचा जो परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला, त्यावर चालणाऱ्या संवेदकात काही घासतच नाही.

२४/
आणि गंमत पाहा, खेळण्यालाही अखेर परतीचा निरोप हवासा वाटला. १९९७ च्या सुमारास हातात थरथरणारे कंट्रोलर आणि हाताला विरोध करणाऱ्या जॉयस्टिक घरोघरी मिळू लागल्या. मिग-२१ च्या अभियंत्यांपुढे जो प्रश्न होता, तोच प्रश्न गेम घडवणाऱ्यांपुढे आला आणि उत्तरही तेच निघाले: खोटा, पण इमानी भार.

२५/
तरी हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. एअरबस ए-३२० ने १९८० च्या दशकात प्रवासी विमानात आसनाच्या कडेला छोटी जॉयस्टिक आणली. १९८९ पासून हे विमान इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही आले. जुन्या विमानांत दोन्ही वैमानिकांची नियंत्रणे एकमेकांना जोडलेली असत. एकाने ओढले की दुसऱ्याचेही हले. येथे दोन्ही दांडे स्वतंत्र आहेत. एक हलला तरी दुसरा स्तब्धच राहतो.

२६/
१ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान रात्री अटलांटिकवर होते. बर्फकणांमुळे वेगमापक नळ्या तुंबल्या आणि स्वयंचलित नियंत्रण सुटले. उजव्या आसनावरील वैमानिक जॉयस्टिक मागे ओढत राहिला, नाक वर गेले, पंखांचे उत्थापन संपले. शेजारच्याचा दांडा मात्र जागच्या जागी होता. २२८ जण गेले. कारणे अनेक होती. तथापि आपल्या सहकाऱ्याच्या हाताची कृती दुसऱ्याला सहज कळण्याजोगी नव्हती, याची दखल फ्रेंच तपास यंत्रणेने घेतली.

२७/
या उणिवेवर आज एक उपाय आहे. काही नव्या विमानांतील जॉयस्टिकमध्ये लहान मोटरी असतात. एक दांडा हलला की त्या दुसऱ्यालाही तसाच हलवतात आणि दोन्ही हातांना भार देतात. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या गल्फस्ट्रीम जी-५०० या नागरी विमानात अशी जोडणी आहे. जी जोडणी पूर्वी सळयांनी फुकट दिली होती, ती आता संगणकाने पुन्हा विणावी लागते.

२८/
दांड्याचा दुसरा वंशही सांगितला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची घडवली आणि तिच्या नियंत्रणासाठी जॉयस्टिक वापरली. ज्यांच्या हातापायांतले बळ गेले होते, त्यांना बोटाच्या इशाऱ्यावर हिंडण्याची मोकळीक मिळाली. आज हात न हलणारी माणसे हनुवटीनेही असा दांडा चालवतात. ज्या युद्धाने 'रोहना' बुडवले, त्याच युद्धाच्या जखमांतून जॉयस्टिकचा हा सर्वांत मानवी उपयोग जन्मला.

२९/
शेवटी पुन्हा गच्चीवर येऊ. गांधीनगरच्या तळावर २००३ पासून सैन्यदलाच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांचे प्रशिक्षण विद्यालय आहे. चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांत शिक्षक आणि शिष्य शेजारी बसतात. दोघांच्याही समोर दांडा असतो आणि ते दोन्ही दांडे सळयांनी जोडलेले असतात. शिष्याची मूठ घाबरून आवळली गेली, तर शिक्षकाच्या तळव्याला ते कळते. शिक्षकाने हळूच सावरले, तर किती सावरायचे ते शिष्याच्या मुठीला कळते.

३०/
ते शिक्षण शब्दांनी होत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात, दांड्यावाटे जाते. आता शेतात फवारणी करणारा ड्रोन असो वा सीमेवर टेहळणी करणारा, आपण दिवसेंदिवस अधिक दूर बसून दांडे हलवणार आहोत. म्हणून कोणतीही जॉयस्टिक हाती आली की एवढा एकच प्रश्न विचारा: माझी आज्ञा तर गेली, पण तिकडे काय झाले ते माझ्या हाताला कोण सांगणार?

३१/
पुढच्या वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेले, तर आत जोडलेल्या त्या दोन दांड्यांची आठवण ठेवा. आणि तुमच्या घरात ओझरच्या कारखान्यात काम केलेले आजोबा, काका, मावशी असतील, तर त्यांना मिग-२१ च्या सळयांविषयी जरूर विचारा. त्यांनी सांगितलेले खाली लिहा. हा धागा तिथून पुढे विणूया.

#इतिहास #नाशिक #विमानविद्या